दगडाचं टेबल

"खरं सांग, तू बाजूला होतीस की नाही?"

साहेबांनी मला हे विचारलं तेव्हा शेडमधली सगळी माणसं आपापल्या जागेवर होती. लेथवरचे दोघं, मिलिंगवाला, ड्रिलवरचा अण्णा, मला काम शिकवणारे मिस्त्री, माझ्याबरोबर घासणारी कमळाकाकी. चहावाला किटली घेऊन दारात आलेला. साहेबांच्या शेजारी गिऱ्हाईक उभं होतं, सफारी घातलेलं. त्याच्या हातात मी घासलेला साचा होता. साच्याच्या चकचकीत तोंडावर एक डाग पडला होता. तांबूस, मोहरीएवढा.

बाजूला म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. अण्णाला मराठी धड येत नव्हतं, पण त्यानेही मान खाली घातली. साहेबांचा आवाज तसा खणखणीत. मशिनं चालू असली तरी शेडच्या टोकापर्यंत पोचायचा. त्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणून मशिनं बंदच होती.

मी म्हणाले, "नाय साहेब."

"मग हा गंज कशाने आला?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. साहेब गिऱ्हाइकाकडे बघून हसले, माफी मागितल्यासारखं. म्हणाले, या मुली लाजतात, खरं सांगत नाहीत. मग ऑफिसच्या काचेकडे वळून त्यांनी बाईसाहेबांना हाक मारली. बाईसाहेब म्हणजे त्यांची बायको. पगाराचं आणि सामानाचं काम त्याच बघायच्या. साहेब त्यांना म्हणाले, "हिला आत घेऊन जा आणि बघ."

विचार, असं म्हणाले नाहीत. बघ म्हणाले.

आत म्हणजे स्टोअरमध्ये. रॉकेलचे डबे, कापसाची पोती, पॉलिशपेपरचे गठ्ठे. बाईसाहेबांनी दार ओढून घेतलं. मी एकवीरा आईची शपथ घेतली. त्या म्हणाल्या, शपथ नको गं, त्यांना खात्री हवी आहे. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण उतरलेल्या चेहऱ्याने त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि वाट बघत राहिल्या. मी वीस-एकवीस वर्षांची घोडी. आईसमोरही कधी अशी उभी राहिले नव्हते.

मी दाखवलं. एवढंच लिहिते. त्याच्यापुढे लिहायला माझा हात चालत नाही आणि मला तो चालवायचाही नाही.

बाहेर आल्यावर बाईसाहेबांनी नुसती मान हलवली. नाही, म्हणून. सगळ्या शेडने ती मान बघितली आणि माझ्याकडे मात्र कोणी बघेना. मिस्त्री कानस उलटसुलट करत बसले. कमळाकाकी कापसाने हात पुसत बसली. साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण यापुढे आपण नियमच करू."

म्हणजे तपासलं मला, खरी निघाले मी, आणि नियम लागला तोही मलाच.

मी रबाळ्याजवळच्या गावातली. आमचं आगरी घर. बाबा मिठागरावर राबायचा आणि खाडीकाठच्या खाजणात आमचा भाताचा तुकडा होता. मी शाळेत असताना सरकारने खाडीच्या या अंगाला नवं शहर बसवायचं ठरवलं. मोजणीवाले आले, खुंट्या ठोकून गेले. भात गेलं, मिठागर गेलं. खाडी राहिली, पण कारखान्यांचं पाणी तिच्यात सुटायला लागलं आणि चिखलातली निवटी मासळीही मिळेनाशी झाली. जे काही हातात आलं ते घराच्या छपराला आणि दादाच्या लग्नाला लागलं. लग्न झाल्यावर दादा बायकोला घेऊन सासुरवाडीला पनवेलकडे गेला, तो तिकडचाच झाला. बाबाची छाती मिठात काम करून आधीच खराब होती. ज्या बांधावर आम्ही शेंगा भाजायचो तिथे एमआयडीसीच्या शेडी उभ्या राहिल्या, आणि आमच्याच जमिनीवर आम्हाला नोकरी मागायला जावं लागलं.

साहेब दादरचे. वाशीच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेऊन राहायला आलेले. इंजिनियर. त्यांची साचे बनवायची छोटी शेड होती. प्लास्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते पोलादी साचे. त्यांना घासकामाला बायका हव्या होत्या. मिस्त्रींना ते म्हणाले होते की बायकांचा हात हलका असतो आणि बायका युनियन करत नाहीत. मिस्त्रींनी हे मला नंतर हसत हसत सांगितलं. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

आमच्या गावची कमळाकाकी तिथे आधीपासून होती. विधवा, केस पांढरे, तोंड फाटकं. तिनेच मला नेलं. बाबाने जाताना एवढंच सांगितलं, "बाय, नोकरी हाय तवर चूल हाय." दारातून निघताना तो रोज हेच म्हणायचा. जेवलीस का विचारावं तितक्या सहज.

आता कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साच्याचं पोलाद साधं लोखंड नसतं. कडक. कारखान्यात त्याला टूल स्टील म्हणतात. मशिनीतून येतं तेव्हा त्याच्यावर हत्याराच्या रेघा असतात, नखाला लागतील अशा. आम्ही ज्या साच्यावर काम करत होतो तो गजराच्या घड्याळाच्या काचेचा होता. काच म्हणजे प्लास्टिकचीच, पण आरपार दिसणारी. साच्यावर केसाएवढी रेघ राहिली तर ती प्रत्येक काचेत उतरणार आणि माणसाला वेळ बघताना ती रेघ दिसणार. म्हणून साचा असा घासायचा की रेघ म्हणून उरायलाच नको.

आधी दगड. घासायचे बारीक दगड येतात, कांडीसारखे, ते रॉकेलमध्ये बुडवून घासायचे. जाड दगड आडवा फिरवायचा, त्याच्या रेघा पुसायला बारीक दगड उभा फिरवायचा. मग पॉलिशपेपर. मग शेवटी हिऱ्याची पेस्ट. हिऱ्याची पूड असलेलं ते मलम इंजेक्शनसारख्या नळीत यायचं. बांबूच्या काडीला दाबलेल्या लोकरीचा नमदा लावायचा, त्यावर टिपूसभर पेस्ट घ्यायची आणि फिरवत राहायचं. मनगट दुखतं, मान दुखते, डोळ्यांतून पाणी येतं. लोक विचारतात, तोंड दिसायचं का त्यात. तोंड केव्हाच दिसतं, त्याचं काही नाही. वरच्या ट्यूबलाइटची रेघ साच्यात सरळ दिसली पाहिजे. ती जराशी लचकली तरी परत मागे जायचं.

यासाठी दोन टेबलं होती. दाराजवळचं दगडाचं, आतल्या कोपऱ्यातलं हिऱ्याचं. दगडाचा एक कण जरी हिऱ्याच्या टेबलावर आला तरी सगळ्या केलेल्या कामावर ओरखडा. म्हणून इकडून तिकडे जाताना हात धुवायचे, पदर झटकायचा, नखं साफ करायची. मिस्त्री कोल्हापूरकडचे, मुंबईत शिकलेले. त्यांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. म्हणाले, "पोरी, एका टायमाला एकच टेबल. येरझाऱ्या नकोत." मी दगडावरून सुरू केलं आणि हळूहळू हिऱ्याच्या टेबलावर पोचले. काकीचा हात थरथरायला लागला होता, म्हणून शेवटचा हात मीच फिरवायचे. त्या कोपऱ्यात वर दिवा होता, पंखा होता, दाराची धूळ येत नव्हती. आणि तिथे बसणारीला साहेब बाई म्हणायचे. दगडावर बसणारीला ए म्हणायचे.

साहेबांनी केलेला नियम असा. महिन्याच्या त्या दिवसांत हिऱ्याच्या टेबलाला शिवायचं नाही. तयार साच्याला हात लावायचा नाही. सकाळी आल्या आल्या आपण होऊन दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसायचं. त्यांच्या घरात म्हणे लोणच्याच्या बरणीला अशा वेळी कोणी हात लावत नाही, लोणचं नासतं. पोलादाचंही तसंच, हातातून उष्णता जाते आणि गंज धरतो, असं त्यांनी मिस्त्रींना समजावून सांगितलं. मिस्त्री मान डोलवत राहिले. दोन टेबलांत येरझाऱ्या झाल्या की ओरखडे येतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. साहेबांना मात्र ते सांगू शकले नाहीत. त्यांना गावी दोन मुली होत्या, लग्नाच्या.

तो डाग मी पेस्ट लावून त्याच दुपारी काढून टाकला. कशाचा होता ते मला आजही माहीत नाही. खाडीच्या वाऱ्याचा असेल, गिऱ्हाइकाच्या अंगठ्याचा असेल. माझ्याही घामाचा असेल. घाम तर सगळ्यांनाच येतो.

काकीची पाळी कधीच गेली होती, त्यामुळे तिला नियम लागत नव्हता. राहिले मी एकटी. मी दाराजवळ बसले की सगळ्या शेडला कळायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं. चहावाल्याला कळायचं, तो माझा ग्लास टेबलाच्या कडेला ठेवून निघून जायचा. लेथवरचे दोघं एकमेकांना डोळे मारायचे. त्यातला थोरला एकदा, कांदाबटाट्याचा भाव विचारावा तसा, मला म्हणाला, "या वेळेला लवकर?"

माझ्या आईनेही कधी माझे दिवस मोजले नव्हते, आणि हा मोजत होता. मी दगड उचलला होता त्याच्या टाळक्यात घालायला. मग तोच दगड रॉकेलमध्ये बुडवला आणि घासायला लागले. बाबाचं वाक्य आठवलं. नोकरी आहे तोवर चूल आहे.

असे ते दिवस मी काढले. महिना जवळ आला की मी बोटांवर दिवस मोजत बसायचे. देवा, रविवारी येऊ दे, असं म्हणायचे. एकदा लपवलं. सरळ जाऊन हिऱ्याच्या टेबलावर बसले. दिवसभर हात इतका कापत होता की ट्यूबलाइटची रेघ काही सरळ होईना. शेजारी बसलेल्या काकीला कळलं. संध्याकाळी वाटेत ती म्हणाली, "कनाला भितंस? आनी भितंस तर बसतंस कनाला?" मी म्हटलं, काकी, तुला यात काहीच वाटत नाही का? ती म्हणाली, "आपल्या घरान नाय पालत? ते पालतात तर आपल्याला राग."

तिचं खरं होतं, आणि त्यानेच मी जास्त अडकले. घरीही मी त्या दिवसांत ओटीवरच. माझी ताटली वेगळी, कोनाड्यात पालथी घातलेली. आई वरून पाणी ओतायची, मी ओंजळ धरायचे. आईला यात अपमान दिसायचा नाही, तिच्या आईनेही असंच केलं होतं. कामावर दाराजवळ बसायचं आणि घरी दाराबाहेर. मला उंबरा ओलांडायची सोय कुठेच नव्हती. रागाला तोंड फुटायचं तर कुणावर? साहेबांवर राग धरला की आई डोळ्यांसमोर यायची. आईवर धरला की तिच्या हातातला तांब्या दिसायचा. तिने त्या दिवसांत मला उपाशी कधी ठेवलं नाही. मासळीचा चांगला तुकडा माझ्याच ताटलीत पडायचा. सुटका मागायची तरी कोणाकडे, हेच कळेना.

मग तो दिवस आला.

तेच सफारीवालं गिऱ्हाईक. त्याने दुसरा साचा दिला होता, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेचा. ताटाएवढा. एवढं मोठं सपाट तोंड आरशासारखं करायचं म्हणजे जीव जातो. कुठे दाब कमी पडला, कुठे जास्त झाला, की लाटा येतात. काकीने आणि मी मिळून तो जवळजवळ शेवटाला आणला होता. तळोज्याला गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मशीन रिकामं ठेवलं होतं, आणि सकाळीच त्यांचा टेम्पो आमच्या दारात येऊन उभा राहिला. फक्त शेवटचा हात बाकी होता.

आणि मी दगडाच्या टेबलावर बसले होते.

साहेबांनी आधी काकीला करायला सांगितलं. काकीने केलं. रेघ लचकली. परत केलं. परत लचकली. तिच्या हाताचा थरथराट लांबून मला दिसत होता. टेम्पोवाला दारात बिड्या ओढत होता. ऑफिसात फोन वाजत होता. साहेब दोनदा ऑफिसात गेले, दोनदा बाहेर आले. मग माझ्याकडे आले. जवळ आले, वाकले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"हे बघ, आज तू तिकडे बस."

मी म्हणाले, "माझे दिवस चालू हायत साहेब."

"माहीत आहे. हात डेटॉलने धू. आणि कोणाला काही बोलू नकोस."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या आतलं काहीतरी त्या क्षणी थंड झालं. इतके दिवस मला वाटत होतं की हा माणूस विटाळ मानतो. चुकीचं मानतो, पण मानतो, माझ्या आईसारखाच. मानणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी गप्प होते. पण हा मानत नव्हता. याला माझ्या हाताने गंज येतो असं वाटतच नव्हतं. काम अडलं नाही तोवर नियम होता. अडलं तसा डेटॉलच्या बाटलीत विरघळला. मग मी स्टोअरमध्ये कशासाठी उभी राहिले होते? कशासाठी लेथवाला माझे दिवस मोजत होता?

मला रडू आलं नाही. राग आला. स्वच्छ राग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणा एकाच माणसावर.

मी म्हणाले, "त्या दिशी तुमी सगल्यांसमोर इचारलंत. तसंच सगल्यांसमोर सांगा, नियम चुकीचा व्हता म्हणून. मंग बसते."

"आता ही वेळ आहे का?"

"त्या दिशी व्हती?"

ते सरळ उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईसाहेबांना हाक मारली नाही, नुसतं बघितलं, आणि त्या बाहेर आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला, आणि तोही त्या दिवसांत. मला घेऊन निघाल्या स्टोअरकडे. मी दारातच पाय रोवले. त्या खोलीत मी आता जाणार नव्हते. मग त्या दारातच कुजबुजल्या. अगं, समजून घे. मीही घरी पाळते. तुला दोष लागू नये म्हणून मी आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावीन. तुझ्या नावाने लावीन.

त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाई वाईट नव्हती. पण दिवा लावायचा तोही त्यांच्या घरात, माझ्या पाठीमागे. मी म्हटलं, बाईसाहेब, दिवा नको. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर मान हलवलीत ना, तशी एकदा साहेबांपुढे हलवा. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि ऑफिसात गेल्या.

साहेब ओरडले. "बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

हे मात्र सगळ्यांसमोर. यासाठी आवाज होता त्यांच्याकडे. मशिनं चालू होती तरी शेडच्या टोकापर्यंत गेला. एकेक करून मशिनं बंद झाली.

मग ते काकीकडे वळले. "कमळाबाई, तुम्ही करा. कसंही करा."

काकीने हातातली काडी खाली ठेवली. पेस्टच्या नळीला टोपण लावलं. कापसाने एकेक बोट पुसलं. मग उठली आणि सगळी शेड ओलांडून माझ्याकडे आली. दगडाच्या टेबलाखालचं दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली.

साहेब म्हणाले, "हे काय?"

काकी म्हणाली, "मनाबी आलीय."

"काय आलीय?"

"पाली. आज सकाली आली. नियम हाय ना तुमचा?"

डोक्यावर एक काळा केस नव्हता तिच्या. लेथवरचा थोरला फस्सकन हसला. काकीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्याचं हसू जागीच मेलं. मिस्त्री नळावर हात धुवायला गेले. खूप वेळ धूत राहिले. मी त्यांची वाट बघितली, खोटं कशाला बोलू. ते येतील आणि एक वाक्य बोलतील असं मला वाटलं. नळ चालूच राहिला.

साहेब त्या ताटाएवढ्या साच्यासमोर उभे होते. एक वाक्य. एवढंच मागितलं होतं आम्ही. त्यांच्या ओठांवर ते आलं होतं, मला दिसलं. तेवढं बोलले असते तर साचा दुपारपर्यंत टेम्पोत असता. त्यांनी साचा फडक्यात गुंडाळला आणि मुंबईला, कुठल्यातरी दुसऱ्या पॉलिशवाल्याकडे पाठवून दिला. त्यांना उशीर चालला, गिऱ्हाइकाच्या शिव्या चालल्या. आमच्यासमोर ते वाक्य बोलणं मात्र चाललं नाही. त्यावरून मला कळलं की त्या वाक्याचं वजन साच्यापेक्षा जास्त होतं.

आम्ही दोघी निघालो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या धुळीतून. मग काकी म्हणाली, "किती वर्सांनी बाजूला बसली मी." आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "त्या दिशी तुना कोठीन नेली तवा मी हात पुसत बसलेली. तवाच उठायला पायजे व्हती." तिचं एकटीचं पोट माझ्यापेक्षा जास्त टांगणीला लागलं होतं.

घरी पोचले तेव्हा आई ओटीवर मासळी साफ करत होती. भर दुपारी मला बघून तिला कळलंच. मी सगळं सांगितलं. स्टोअरचंही. ते मी तिला तोवर सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती आणि तिचे हात थांबले होते. बाबा आत खाटेवर खोकत होता. आई उठली, कोनाड्यातली माझी ताटली काढली, भात वाढला आणि ओटीवर ठेवला. नेहमीसारखा. उंबऱ्याच्या बाहेर.

मी ताटली उचलली आणि आत गेले.

आई म्हणाली, "बाय, काय करतंस?"

मी चुलीजवळ बसले. मडक्यातून माझ्या हाताने पाणी घेतलं. बाबाने खाटेवरून बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नोकरी गेली, आता चुलीचं काय, हे त्याने विचारलं नाही, पण त्याची पाठ विचारत होती. आई उंबऱ्यात उभी राहून रडली. माझ्यासाठी रडली की बाटलेल्या मडक्यासाठी, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला तिची दया आली, पण उठावंसं वाटलं नाही. साहेबांना मी जे 'नाही' म्हणाले ते आईलाही म्हणायचं नसेल तर मी काहीच म्हणाले नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. तिथेच बसून मी सगळा भात संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रस्त्यावर. काकी म्हणाली होती, दोन दिवस थांब, मग येते. मी थांबले नाही. त्याच रस्त्यावर पुढे एक साच्यांची शेड होती, नवीन. मालक दारात उभा राहून माणसांना काम सांगत होता. त्याने विचारलं, काय येतं? मी म्हटलं, घासकाम, दगडापासून शेवटच्या हातापर्यंत. त्याचे डोळे चमकले. शेवटचा हात फिरवणारी माणसं तेव्हा मुंबईतही शोधावी लागायची. त्याने आत बोट दाखवलं. तिथेही दोन टेबलं होती. एक दाराजवळ, एक आत.

मी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यातूनच बोलले, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले नाही. साहेबांच्या आवाजात बोलले, मशिनच्या वरून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"मला पाली येते. कंदी येते ते मी सांगनार नाय, कोनी इचारायचं नाय, आनी मी टेबल बदलनार नाय. हे मान्य आसंल तर साचा दाखवा."

आतल्या एका माणसाच्या हातून पाना पडला. मालकाचं तोंड उघडं ते उघडंच. त्याने मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे.

मी खाली बघितलं नाही. तो हो म्हणेल की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि माझं ठरवणं त्याच्या उत्तरावर अवलंबूनही नव्हतं. नाही म्हणाला तर रस्त्यापलीकडची शेड. तिथेही नाही तर त्याच्या पुढची, तळोज्यापर्यंत. सगळ्या शेडी आमच्याच भातावर उभ्या होत्या, आणि प्रत्येक दारात मी हेच बोलणार होते, याच आवाजात. दगडाच्या टेबलावर मी यापुढे दगडाचं काम असेल तेव्हाच बसेन.